‘योजन’ : एका शब्दाची मोजणी

पालि ग्रंथांचे मराठी अनुवाद वाचणारे उपासक-उपासिका आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात : एक योजन म्हणजे किती किलोमीटर? टी. डब्ल्यू. र्‍हीस डेव्हिड्स यांनी १८७७ मध्ये सिंहलद्वीपातील प्राचीन नाणी व मापे यांवरील आपल्या ग्रंथात, साहित्यात आलेली अंतरे ताडून पाहून, ते ७ ते ८ मैल, म्हणजे सुमारे ११ ते १३ किलोमीटर ठरविले. कोशांतून पुढे साधारण हाच आकडा रूढ झाला. परंतु तो सर्वत्र लावता येत नाही, आणि याचे कारण शब्दाच्या जन्मातच आहे.

‘योजन’ हा शब्द ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुंपणे या धातूपासून झाला. आपल्या शेतकऱ्याचे ‘जू’ त्याच कुळातले. बैल एकदा जुंपले की सोडीपर्यंत जेवढी वाट सरते, तेवढे योजन. त्याचा चौथा हिस्सा ‘गावुत’. संस्कृत ‘गव्यूति’चे हे पालि रूप असून त्यात गाय आहेच. ‘क्रोश’ म्हणजे हाक. त्याचाच आपला ‘कोस’ झाला. गाईचे हंबरणे जेथवर ऐकू येते तो क्रोश, असे सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगाने नोंदविले आहे. ही सारी मापे कष्टाच्या जगातली आहेत. चिखलाची वाट असेल तर बैलाचे योजन आखूड होणारच.

विनयपिटकात हा शब्द कसा वापरला आहे, ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. महावग्गाच्या उपोसथ-खंधकात सीमा, म्हणजे एकत्र उपोसथ करणाऱ्या संघाच्या क्षेत्राची हद्द, ठरविण्याचा प्रसंग आहे. काही भिक्खूंनी चार, पाच, सहा योजनांच्या सीमा ठरविल्या. परिणाम असा झाला की दूरचे भिक्खू पातिमोक्खाचे पठण चालू असताना पोहोचत, काही ते संपल्यावर पोहोचत, तर काहींना वाटेतच मुक्काम पडे. तेव्हा तथागतांनी सीमेची कमाल मर्यादा तीन योजने ठरवून दिली. मेंढीच्या लोकरीचा नियमही असाच आहे : वाहून नेणारा कोणी नसेल, तर भिक्खूने ती स्वतः तीन योजनांपर्यंत न्यावी, त्यापुढे नाही. दोन्ही ठिकाणी हिशेब चालणाऱ्या माणसाच्या पायांचा आहे. धम्मपदाच्या बालवग्गातही योजन आले आहे ते थकलेल्या वाटसरूच्या संदर्भात.

अट्ठकथांत मात्र जपून पाऊल टाकावे लागते. राजगृह ते कपिलवस्तु हे अंतर जातकट्ठकथेच्या निदानकथेत ६० योजने दिले असून भगवान रोज एक योजन चालत दोन महिन्यांत तेथे पोहोचले, असे म्हटले आहे. र्‍हीस डेव्हिड्स यांच्या मापाने हे अंतर साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक भरते. प्रत्यक्षात राजगीर ते लुंबिनीचा परिसर सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. वाटेची वळणे धरली तरी एवढा फरक भरून निघत नाही. आमच्या मते येथे ‘योजन’ म्हणजे एका दिवसाचा टप्पा. अट्ठकथाकाराने दिवस मोजले आणि त्यांना योजने म्हटले. सैन्याची एका दिवसाची वाटचाल म्हणजे योजन, असे ह्युएन त्संगही सांगतो. आणि त्याच्याजवळ त्याची ४०, ३० व १६ ली अशी तीन वेगवेगळी परिमाणे आहेत.

सिनेरु पर्वताची उंची ८४,००० योजने वाचून आपले काही चिकित्सक बांधव संपूर्ण वाङ्मयच बाजूला सारतात. ते योजन विश्वरचनेच्या कल्पनेतले आहे. ते कोणी चालून मोजलेले नाही. त्याच्याबरोबर उपोसथाला वेळेवर पोहोचण्याचे योजन फेकून देणे म्हणजे विनयातील एक अत्यंत व्यवहार्य पान फाडणे होय.

अनुवादकांना आमचे सांगणे एवढेच, की मूळ शब्द ठेवावा आणि तळटीप द्यावी. थायलंडमध्ये ‘योत’ हे त्याचेच रूप आज १६ किलोमीटर मानले जाते. त्या हिशेबाने महावग्गातील तीन योजने ४८ किलोमीटर होतात, र्‍हीस डेव्हिड्स यांच्या हिशेबाने ३४ ते ३९.