बॅटरी थंडीतच का रुसते?

हिवाळ्यातील पहाटे मोटारीची किल्ली फिरवावी आणि इंजिनाने एकदोनदा कण्हल्यासारखा आवाज काढून गप्प बसावे, हा अनुभव थंड मुलखातील चालकांना नवा नाही. लडाखमधील लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे जानेवारीतील रात्री पारा शून्याखाली १५ अंश सेल्सिअसपर्यंत सहज उतरतो; द्रासला तर त्याहूनही खाली जातो. अशा ठिकाणी आदल्या संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चाललेली गाडी सकाळी जागची हलत नाही. गाव दूर, रस्ता बर्फाचा आणि गाडीत आजारी माणूस असेल, तर ही नुसती गैरसोय राहत नाही.

‘थंडीने बॅटरी मेली’ असे लोक म्हणतात. परंतु तीच बॅटरी ऊबदार खोलीत काही तास ठेवली, की पुन्हा इंजिन फिरवते असेही पुष्कळदा घडते. मेलेली वस्तू उबेने जिवंत कशी होईल? तेव्हा थंडी बॅटरीचे नेमके करते तरी काय, हे पाहायला हवे. त्यासाठी शाळेत शिकलेला ओहमचा नियम पुरेसा आहे. त्याला जोड हवी ती फक्त अंतर्गत रोधाच्या कल्पनेची.

बॅटरीच्या पोटात

शिसे व आम्ल यांचा पुन्हा पुन्हा भारित करता येणारा घट गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केला. आजच्या मोटारीतील नेहमीची बॅटरी त्याच घराण्यातली आहे. तिच्यात सहा घट एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. घटातील ऋण पट्ट्यांवर सच्छिद्र शिसे असते, धन पट्ट्यांवर लेड डायऑक्साइड असते आणि दोहोंच्या मध्ये विरल गंधकाम्ल असते. बॅटरीतून प्रवाह घेतला की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होऊ लागते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी निर्माण होते. भारित करताना हीच क्रिया उलट घडते.

पूर्वी इंजिन सुरू करण्यासाठी पुढून लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला, तर फिरवणाऱ्याचे मनगट मोडण्याची भीती असे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो बसवला गेला. तेव्हापासून हँडलाचे काम बॅटरीवर आले. हे काम दोन-तीन सेकंदांचेच असते, पण तेवढ्या वेळात तिला शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह पुरवावा लागतो. मोटारीतील दुसरे कोणतेही उपकरण एवढा प्रवाह मागत नाही.

दाब जवळजवळ तोच, मग अडते कोठे?

बॅटरीला काहीही जोडलेले नसताना तिच्या दोन टोकांत जो दाब मिळतो, ती तिची विद्युत् चालक प्रेरणा होय. तापमान २७ अंशांवरून शून्याखाली १८ अंशांवर आले, तरी ही प्रेरणा एक दशांश व्होल्टनेही घटत नाही. म्हणजे नुसता व्होल्टमापक लावून पाहणाऱ्याला उन्हाळ्यातील आणि कडाक्याच्या थंडीतील बॅटरी जवळजवळ सारखीच दिसेल.

फरक पडतो तो प्रवाह वाहू लागल्यावर. बॅटरीतील प्रवाह आम्लातील आयनांच्या हालचालीने वाहतो. थंडीत आम्ल दाट होते व आयन मंदावतात. पट्ट्यांच्या सूक्ष्म छिद्रांत ताजे आम्ल शिरण्यास वेळ लागतो. रासायनिक क्रियेचा वेगही उतरतो. या साऱ्यांचा एकत्रित परिणाम असा, की बॅटरीच्या आतच एक रोध वाढल्यासारखा होतो. त्याला आपण येथे अंतर्गत रोध म्हणू. प्रवाह वाहताना बॅटरीच्या दाबातील काही भाग हा रोध आतल्या आतच खातो. बाहेर मिळणारा दाब पुढीलप्रमाणे काढता येतो:

बाहेरचा दाब = विद्युत् चालक प्रेरणा − (प्रवाह × अंतर्गत रोध)

दुसऱ्या बाजूने इंजिनही हट्टाला पेटते. त्यातील तेल थंडीत घट्ट होते, त्याची श्यानता वाढते, आणि इंजिन फिरवण्यास अधिक जोर लागतो. म्हणजे बॅटरी अशक्त झालेली असतानाच तिच्याकडे अधिक प्रवाहाची मागणी होते. तेलाच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असा आकडा असतो. त्यातील ‘डब्ल्यू’ हा हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत अधिक पातळ राहते.

आता एक हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण वस्तुस्थितीला धरून आहेत. समजा, चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध उन्हाळ्यात ०.००६ ओहम व थंडीत ०.०१२ ओहम आहे. जुन्या, दुबळ्या बॅटरीचा उन्हाळ्यात ०.०१५ ओहम व थंडीत ०.०३० ओहम आहे. स्टार्टरला उन्हाळ्यात १५० अँपिअर आणि थंडीत २५० अँपिअर प्रवाह हवा आहे. दोन्ही बॅटऱ्यांची विद्युत् चालक प्रेरणा १२.६ व्होल्ट धरू.

चांगली बॅटरी, उन्हाळा: १२.६ − ०.९ = ११.७ व्होल्ट
दुबळी बॅटरी, उन्हाळा: १२.६ − २.२५ = १०.३५ व्होल्ट
चांगली बॅटरी, थंडी: १२.६ − ३.० = ९.६ व्होल्ट
दुबळी बॅटरी, थंडी: १२.६ − ७.५ = ५.१ व्होल्ट

पहिल्या तिन्ही वेळा इंजिन सुरू होईल. चौथ्या वेळी निम्म्याहून अधिक दाब बॅटरीच्या पोटातच जिरला आहे. उरलेल्या ५.१ व्होल्टवर स्टार्टर इंजिन फिरवू शकत नाही. उन्हाळ्यात या दोन बॅटऱ्यांतील भेद चालकाच्या लक्षातही आला नसता. थंडीने तो उघड केला.

दिवे लागतात, तरी गाडी का लागत नाही?

‘दिवे झगझगीत लागतात, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. वरच्याच सूत्रात घालून पाहा. पुढील दोन दिवे मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात असे धरले, तर दुबळ्या बॅटरीतही थंडीत केवळ ९ × ०.०३० = ०.२७ व्होल्ट आत खर्च होतील. दिव्यांना १२ व्होल्टहून अधिक दाब मिळेल. ते छान लागतील, हॉर्नही वाजेल. परंतु दिवे चालू ठेवून स्टार्टर फिरवला, की ते एकदम मंद होतात. बॅटरीची खरी परीक्षा अशी ओझे घालूनच होते.

कित्येकदा नुसता ‘कट्-कट्-कट्’ असा आवाज येतो. स्टार्टरला जोडणारा विद्युत् चुंबकी खटका प्रथम ओढला जातो, मोठा प्रवाह सुरू होताच दाब कोसळतो, म्हणून खटका सुटतो. तो सुटताच दाब पूर्ववत होतो व खटका पुन्हा ओढला जातो. हा आवाज म्हणजे अंतर्गत रोधाचीच तक्रार होय.

म्हणून बॅटरीची निवड नुसत्या व्होल्टवरून करीत नाहीत. थंड देशांत तिच्यावर शीत-प्रारंभ प्रवाहाचा आकडा छापतात. शून्याखाली १८ अंशांवर ३० सेकंद जेवढा प्रवाह दिला, तरी १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही, तो हा प्रवाह.

दुखणे उन्हाळ्याचे

मग बॅटरी दुबळी होते कशाने? याला बव्हंशी वय आणि उष्णता कारणीभूत आहेत. तापमान वाढले की बॅटरीतील उपयुक्त क्रियांबरोबर अपायकारक क्रियाही वेगाने होतात. धन पट्टीची शिशाची जाळी गंजते, पाणी उडून जाते. तापमानात कायमची सुमारे १० अंशांची वाढ झाली, तर बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ठोकळ नियम अभियंते वापरतात. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात, तापलेल्या इंजिनाशेजारी बसलेल्या बॅटरीची काय अवस्था होत असेल याची कल्पना करा. ती बिघडते वैशाखात, पण गाडी अडते पौषातील पहाटे. आणि दोष थंडीच्या माथी येतो.

बॅटरीही गोठते

उतरलेल्या बॅटरीला थंडीत आणखी एक धोका असतो. वर पाहिलेच आहे की बॅटरी उतरते तसे आम्ल कमी होऊन पाणी वाढते. या द्रवाचे विशिष्ट गुरुत्व १.२५० असेल, तर तो शून्याखाली सुमारे ५२ अंशांवर गोठतो. ते १.२०० झाले, तर शून्याखाली २७ अंशांवर, १.१५० झाले, तर १५ अंशांवर, आणि १.१०० पर्यंत उतरले, तर शून्याखाली ८ अंशांच्या आसपासच गोठतो. म्हणजे लेहच्या रात्री भारित बॅटरी सुखरूप राहील, पण उतरलेलीत बर्फ धरेल. बर्फाचे आकारमान पाण्यापेक्षा अधिक असल्याने पट्ट्या वाकतात, पेटी तडकते. गोठलेली बॅटरी कधीही भारित करू नये. ती फुटू शकते.

उपाय कोणते?

पहिला उपाय म्हणजे हिवाळ्यापूर्वी बॅटरी ओझे घालून तपासून घेणे व ती पूर्ण भारित ठेवणे. गाडी काही तास उभी राहिल्यावर दाब १२.६ व्होल्ट असावा, १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी उतरली. एकदा इंजिन सुरू करण्यास १५० अँपिअर प्रवाह ३ सेकंद लागला, तर खर्च होतो केवळ ०.१२५ अँपिअर-तास. परंतु पाच वॉटचे चार दिवे चुकून दहा तास चालू राहिले, तर सुमारे १७ अँपिअर-तास जातात. म्हणजे सव्वाशेहून अधिक वेळा इंजिन सुरू करण्याइतका साठा एका रात्रीत संपला!

टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी पूड साफ करून जोडण्या घट्ट कराव्यात, कारण तेथील रोधही आतल्या रोधाला साथ देतो. किल्ली फिरवताना दिवे व पंखा बंद ठेवावेत, क्लच दाबावा म्हणजे गिअरपेटीतील घट्ट तेल ढवळावे लागत नाही. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक काळ स्टार्टर फिरवू नये. मध्ये थोडी विश्रांती द्यावी. कॅनडातील विनिपेगसारख्या शहरांत गाड्या उभ्या करण्याच्या जागी विजेचे खांब असतात. त्यांना इंजिनातील तापक जोडून रात्रभर इंजिन ऊबदार ठेवतात.

‘आधी दिवे मिनिटभर लावून बॅटरी गरम करावी’ असाही सल्ला देतात. तोही मोजून पाहू. ९ अँपिअर प्रवाह व ०.०३० ओहम रोध असता आत निर्माण होणारी उष्णता ९ × ९ × ०.०३० = सुमारे २.४ वॉट. मिनिटाला झाले सुमारे १४६ जूल. पंधरा किलोग्रॅमच्या बॅटरीचे तापमान एक अंशाने वाढवण्यास दहा हजार जूलच्या आसपास उष्णता लागते. तेव्हा या युक्तीने बॅटरी तापत नाही, फक्त उतरते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेताना क्रम पाळावा. दोन्ही बॅटऱ्या एकाच दाबाच्या असाव्यात. आधी लाल तार दोन्ही धन टोकांना जोडावी. मग काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला, तरी मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणून ठिणगी बॅटरीजवळ उडू द्यायची नाही. तारा उलट्या क्रमाने काढाव्यात. हे काम जाणत्या मोठ्या माणसानेच करावे.

करून पाहा

मोटारीच्या बॅटरीवर प्रयोग करू नका. त्याऐवजी टॉर्चचा १.५ व्होल्टचा एक घट, एक छोटा दिवा, व्होल्टमापक व अँपिअरमापक घ्या. दिवा न जोडता दाब मोजा. मग दिवा जोडून काही सेकंदांतच दाब व प्रवाह मोजा. दोन्ही दाबांतील फरकाला प्रवाहाने भागले की घटाचा अंतर्गत रोध मिळेल. आता घट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, कुल्फीसाठी करतात तशा बर्फ व मिठाच्या मिश्रणात तासभर ठेवा आणि लगेच तीच मापे पुन्हा घ्या. नवा व जुना, असे दोन घट घेऊन तक्ता करा. कोणता आकडा फारसा बदलला नाही आणि कोणता झपाट्याने वाढला, हे पाहिलेत की लेहच्या रस्त्यावरील गाडी का अडली ते वर्गातल्या बाकावर बसून सांगता येईल.