शस्त्रक्रियेनंतरचा सव्वा महिना

बालरोगतज्ज्ञाने स्तनांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेविषयी लिहावे, हे स्मरणिकेच्या वाचकांना काहीसे विचित्र वाटेल. मी शल्यविशारद नाही आणि शस्त्रक्रिया कशी करावी हे सांगण्याचा माझा अधिकारही नाही. परंतु ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या पुष्कळ स्त्रिया लहान मुलांच्या आया असतात. टाके घातलेली आई घरी परतते, तेव्हा हात वर करून ‘उचल’ म्हणणारे मूल दारात उभे असते. पुढे त्या मुलाच्या निमित्ताने ती आमच्या दवाखान्यात येते आणि मग काही गोष्टी उलगडतात.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दोन वर्षांचा एक मुलगा आठवडाभर नीट जेवत नव्हता, रात्री दचकून रडत होता, म्हणून आई त्याला घेऊन आली. तपासणीत मुलाला कोणताही आजार आढळला नाही. मात्र त्याला टेबलावर ठेवताना आईने डावा कोपर बरगडीशी घट्ट धरला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. परिचारिका मुलाला बाहेर घेऊन गेल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, “मॅडम, माझं ऑपरेशन झालंय. आज तेरावा दिवस. घरी फक्त ह्यांना माहीत आहे.”

अवजड स्तनांमुळे वर्षानुवर्षे तिची मान व खांदे दुखत असत. ब्राच्या पट्ट्यांचे खोल वळ खांद्यांवर पडले होते. उन्हाळ्यात स्तनांखालची त्वचा सोलवटून निघे. मुंबईस जाऊन स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया करून ती इंदुरात परतली होती आणि सासूबाईंना मात्र कार्यालयीन प्रशिक्षणाचे कारण सांगितले होते. खरे कारण लपवल्यामुळे विश्रांती मागण्याची सोय उरली नव्हती. मुलाला उचलणे, पाण्याची बादली, कणीक मळणे, सारे पूर्ववत चालू होते. डाव्या जखमेचा खालचा सांधा उसवला होता.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते

स्तन लहान करताना जादा ग्रंथी, चरबी आणि त्वचा काढली जाते. स्तनाग्राचा रक्तपुरवठा राखून ते वरच्या जागी आणले जाते. सामान्यतः व्रण तीन ठिकाणी राहतो : स्तनमंडलाभोवती, तेथून खाली उभा आणि स्तनाखालच्या घडीत आडवा. उभा व आडवा व्रण जेथे मिळतात, त्या सांध्यावर ताण सर्वांत अधिक असतो. तेथील त्वचेचा रक्तपुरवठाही तुलनेने कमी असतो. म्हणून जखम उसवली तर बहुधा तेथेच उसवते.

स्तन मोठे करताना सिलिकॉनची पिशवी ग्रंथीखाली किंवा छातीच्या स्नायूखाली ठेवतात. सिलिकॉन जेल भरलेली पहिली पिशवी १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो यांनी बसवली. पिशवी स्नायूखाली असेल तर पहिले काही दिवस दुखणे अधिक असते आणि हाताची प्रत्येक जोरकस हालचाल छातीत जाणवते.

आरसा आणि जखम

दहाव्या-बाराव्या दिवशी आरशात पाहिले तर जखम मिटलेली दिसते. दुखणेही बरेच ओसरलेले असते. येथेच फसगत होते. आपल्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतले आकडे व्यवसायबंधूंना स्मरत असतील : एका आठवड्यानंतर जखमेचे बळ मूळ त्वचेच्या जेमतेम ३ टक्के असते, तीन आठवड्यांनी सुमारे २० टक्के आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के. पूर्वीचे शंभर टक्के बळ कधीच परत येत नाही. पहिले काही आठवडे कातडी धरून ठेवण्याचे काम टाके करीत असतात; शरीराचे कोलॅजेन अजून विणले जात असते.

आता दुसरा आकडा पाहा. दोन वर्षांच्या मुलाचे वजन साधारण १२ किलो असते. बहुतेक शल्यविशारद पहिल्या काही आठवड्यांत दोन-अडीच किलोंपेक्षा अधिक वजन उचलू नये असे सांगतात. भरलेला मोठा कुकरही या मर्यादेबाहेर जातो. मग मूल तर दूरच.

आठवड्यांचा क्रम

प्रत्येक स्त्रीची प्रकृती व शस्त्रक्रियेचा प्रकार वेगळा असतो. अंतिम शब्द शल्यविशारदाचाच मानावा. तरीही सर्वसाधारण क्रम असा असतो.

पहिला आठवडा. सूज व दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसते निजावे. कुशीवर वा पालथे निजू नये. आधार देणारी ब्रा दिवसरात्र घालावी. पहिल्याच संध्याकाळपासून थोडे चालावे आणि पोटऱ्या हलवत राहावे, म्हणजे शिरांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो. रक्तस्राव साचून गाठ होण्याची भीती पहिल्या दोन दिवसांत अधिक असते. ॲस्पिरिनसारखी गोळी मनाने घेऊ नये. कोपर खांद्याच्या वर जाईल असे काही करू नये. वेणी घालण्यास, स्नानास दुसऱ्याची मदत घ्यावी. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास मन एकाएकी खचते, रडू येते, ‘उगाच केले’ असे वाटते. भूल, वेदना, जाग्रण आणि सुजलेल्या शरीराचे अनोळखी रूप यांचा तो परिणाम असतो. बहुतेकींच्या बाबतीत तो ओसरतो.

दुसरा आठवडा. बैठे काम करणाऱ्या स्त्रिया दहा ते चौदा दिवसांत कामावर परतू शकतात. स्तनाग्राजवळ बधिरपणा किंवा विजेसारखी कळ जाणवते. ही मज्जातंतू सावरत असल्याची खूण असते. जंतुसंसर्ग बहुधा याच सुमारास डोके वर काढतो. ‘आता बरे वाटते’ म्हणून कामाला लागण्याचा मोह याच आठवड्यात होतो आणि सांधाही याच किंवा पुढच्या आठवड्यात उसवतो.

तिसरा व चौथा आठवडा. फिरणे वाढवावे. हलका स्वयंपाक चालेल. कणीक मळणे, ओले कपडे पिळणे, वरच्या फळीवरचे डबे काढणे टाळावे. वेदनाशामक गोळ्या बंद झाल्या असतील आणि करकचून ब्रेक दाबताना दुखत नसेल, तर शल्यविशारदाच्या संमतीने चारचाकी चालवता येते. आपल्या रस्त्यांवरच्या दुचाकीला मात्र आणखी थांबावे. जखम पूर्ण मिटल्यावर व्रणावर सिलिकॉनचे जेल किंवा पट्टी वापरण्यास आरंभ करता येतो. आपल्या वर्णाच्या त्वचेत व्रण जाड होण्याची प्रवृत्ती अधिक आहे, म्हणून हे टाळू नये.

पाचवा व सहावा आठवडा. शल्यविशारदाची तपासणी झाल्यावर वजन हळूहळू वाढवावे. बहुतेकींना सहा आठवड्यांनंतर मूल उचलण्याची, व्यायामाची व पोहण्याची परवानगी मिळते.

त्यानंतर. स्तनांचा आकार स्थिरावण्यास तीन ते सहा महिने लागतात. व्रणाची लाली वर्ष-दीड वर्षात फिकट होते. काढलेल्या ऊतीचा तपासणी अहवाल मागून घ्यावा व जपून ठेवावा. सिलिकॉनची पिशवी बसवली असेल तर ती आयुष्यभराची नाही, हे ध्यानात असावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०२० मधील शिफारशीनुसार पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफीने तिची तपासणी करावी. पिशवीसोबत मिळणारे कार्ड मुलांच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारीच ठेवावे, असे मी सांगते. ते कार्ड घरात सहसा हरवत नाही.

ताप, एकाच बाजूची झपाट्याने वाढणारी सूज, पसरणारी लाली, पू, काळपट पडणारे स्तनाग्र, पोटरीत दुखणे किंवा धाप यांपैकी काहीही आढळल्यास कोणत्याही आठवड्यात त्वरित डॉक्टरांकडे जावे. तंबाखू रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि जखम काळी पडू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर किमान चार आठवडे ती संपूर्ण बंद हवी. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, हे विसरू नये.

घरातले मूल

दोन वर्षांच्या मुलाला शस्त्रक्रिया कळत नाही. आई जवळ असून उचलत नाही, एवढेच त्याला कळते. मग ते जेवण सोडते, अंथरूण ओले करते, अधिकच चिकटते. हा हट्ट नाही. ती भीती आहे. म्हणून तयारी शस्त्रक्रियेच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करावी. आंघोळ घालणे व निजवणे ही दोन कामे वडिलांनी किंवा आजीने आधीच हाती घ्यावीत, म्हणजे बदल एकाच दिवशी अंगावर कोसळत नाही. ‘आई गावाला गेली’ असे खोटे सांगू नये. ‘आईला इथे बाऊ झालाय, डॉक्टरांनी पट्टी बांधलीय, लवकर बरा होणार आहे’ एवढे त्याला पुरते.

उचलणे बंद असले तरी जवळीक बंद नसावी. आईने पलंगावर बसावे, छातीपुढे उशी घ्यावी आणि मुलाने स्वतः चढून तिच्या शेजारी बसावे. पलंगाशी एक पाट किंवा ठोकळा ठेवला की काम होते. गोष्ट सांगणे, भरवणे, हात धरून झोपवणे सारे शेजारी बसून होऊ शकते. त्या मुलाचे जेवण व झोप एवढ्यानेच पंधरवड्यात सुधारली.

पुढच्या बाळाचे दूध

तरुण स्त्रिया विचारतात, ‘पुढे बाळाला पाजता येईल ना?’ शस्त्रक्रियेपूर्वीच हा प्रश्न शल्यविशारदास विचारावा. स्तनाग्राखालचा ग्रंथी व दुग्धवाहिन्यांचा भाग आणि चौथ्या बरगडीखालून येणारा मज्जातंतू जितका शाबूत राहील, तितकी शक्यता अधिक. स्तनाग्र पूर्ण सुटे करून पुन्हा रोपले असेल तर त्या स्तनातून पाजणे बहुधा शक्य होत नाही. सिलिकॉनच्या पिशव्यांनंतर अनेक माता पाजू शकतात. दुधात सिलिकॉन उतरेल ही भीती निराधार दिसते. कॅनडात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत अशा मातांच्या दुधापेक्षा गाईच्या दुधात व डब्याच्या दुधात सिलिकॉन अधिक आढळले होते.

माझी विनंती एवढीच की, प्रसूतीच्या वेळी ही शस्त्रक्रिया आमच्यापासून लपवू नये. नवजात बाळाचे वजन पहिल्या दिवसांत थोडे घटते आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येते. नंतर ते रोज २० ते ३० ग्रॅम वाढावे. आधी कल्पना असेल तर आम्ही बाळाचे वजन वेळीच व वारंवार करतो आणि गरज पडल्यास आईच्या दुधाला वरच्या दुधाची जोड देतो. कल्पना नसेल तर भुकेले बाळ ‘रडके’ ठरते आणि मौल्यवान दिवस जातात.

कुटुंबवैद्यांनाही एक विनंती. इंदूरहून मुंबई-पुण्यास जाऊन शस्त्रक्रिया करून येणाऱ्या स्त्रिया आठवड्याभरात परततात आणि जखम आपल्यासमोर येते. शस्त्रक्रियेचा सारांश व शल्यविशारदाचा दूरध्वनी त्यांच्याकडून आवर्जून घ्यावा. ‘हौस कशाला केलीत?’ असा शेरा मारू नये. तसा शेरा एकदा ऐकलेली स्त्री पुढच्या वेळी ताप आला तरी येत नाही.

त्या मातेला मी त्याच दिवशी येथील प्लास्टिक सर्जनकडे पाठवले. उसवलेला सांधा नियमित ड्रेसिंगने महिन्याभरात भरला. व्रण मात्र तेथे थोडा रुंद राहिला. तिच्या संमतीने मी सासूबाईंशी बोलले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, “अगं, आधी सांगितलं असतंस तर तुला बादली उचलू दिली असती का मी?” दुसऱ्या दिवसापासून नातवाची आंघोळ त्यांच्याकडे गेली.

आपल्या घरांत बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची रीत आहे. तिला जड उचलू देत नाहीत, वाकू देत नाहीत, वेळेवर गरम जेवण पुढ्यात ठेवतात. या शस्त्रक्रियेनंतर लागणारा काळही जवळजवळ तेवढाच आहे. शस्त्रक्रिया योग्य की अयोग्य, यावर घरात मतभेद असू शकतात. मात्र टाके पडल्यावर तो वाद बाजूला ठेवावा. जिला शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे तिने घरातल्या निदान एका मोठ्या माणसाला आधी विश्वासात घ्यावे, आणि त्या माणसाने तिला तो सव्वा महिना मिळवून द्यावा.