शिकवणारं विमान : सेसना १७२

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, विचिटा शहरात, १९५५ साली एका चार आसनी विमानानं पहिलं उड्डाण केलं. पुढच्याच वर्षी ते बाजारात आलं. आजवर ४४ हजारांहून अधिक सेसना १७२ तयार झाली आहेत. जगात दुसरं कोणतंही विमान एवढ्या संख्येनं बनलेलं नाही. वेगानं आणि रुबाबानं याला मागे टाकणारी विमानं पुष्कळ आहेत. याचं मोठेपण शिकवण्यात आहे.

आधीच्या १७० मॉडेलला शेपटीखाली चाक होतं. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे उतरताना जरा तिरकं टेकलं की ते गर्रकन फिरू पाहतं. १७२मध्ये चाक नाकाखाली आलं आणि नवशिक्याचं उतरणं सोपं झालं. पंख डोक्यावर असल्यानं खालची जमीन स्पष्ट दिसते आणि टाकीतलं इंधन स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. मॅग्नेटोंना बॅटरी लागत नाही, त्यामुळे ती संपली तरी इंजिन चालत राहतं.

पण या विमानाचा खरा धडा मिळतो तो स्टॉलच्या सरावात. पंख हवेला एका ठराविक कोनापलीकडे भिडला की वरून वाहणारी हवा त्याला सोडते आणि उचल एकदम घटते. इंजिन उत्तम चालू असतानाही हे घडतं. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं छिद्र आहे. स्टॉल जवळ आला की तिथला दाब बदलतो आणि हवेच्या ओढीनं भोंगा वाजू लागतो. त्याला वीज लागत नाही. मग विमान थरथरतं, नाक झुकतं. समोर जमीन दिसताच हात आपसूक योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, मागे ओढू पाहतो, आणि तेच घातक असतं. नाक आणखी खाली करायचं, इंजिनाला पूर्ण शक्ती द्यायची, वेग आला की अलगद वर यायचं. पुरेशा उंचीवर प्रशिक्षक हे पुन्हा पुन्हा करून घेतात, कारण भीतीच्या क्षणी हाताला आवर घालणं नुसत्या वाचनानं येत नाही.

तीच शिस्त जमिनीवरही लागते. प्रत्येक उड्डाणाआधी यादी हातात घेऊन विमानाभोवती फेरी होते. टाकीच्या तळाचं थोडं इंधन पारदर्शक नळीत काढून त्यात पाणी नाही ना, हे पाहिलं जातं. मग एके दिवशी प्रशिक्षक खाली उतरतात आणि विद्यार्थी एकटा निघतो. एका माणसाचा भार कमी झाल्यानं विमान सवयीपेक्षा लवकर वर चढतं. निर्णयाला आता दुसरा आवाजही नसतो.

भारतात खासगी वैमानिकाच्या परवान्याला किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. या परवान्यावर पैसे घेऊन विमान चालवता येत नाही, त्यामुळे शिकणारा येतो तो आकाशाच्या ओढीनं. ही ओढ आपल्याकडे जुनी आहे. जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १९२९ साली भारतात दिलेला पहिला परवाना मिळाला. तो जमाना मॉथ विमानांचा. आज बारामती, धुळ्याच्या धावपट्ट्यांवर सेसना शिकवतात.

अमेरिकेत उत्पादकांवर नुकसानभरपाईच्या दाव्यांचा बोजा वाढल्यानं १९८६ साली १७२चं उत्पादन थांबलं होतं. तिथल्या १९९४च्या कायद्यानं जुन्या विमानांबाबतच्या दायित्वाला १८ वर्षांची मर्यादा घातली आणि १९९६ साली ते पुन्हा सुरू झालं. आता कॉकपिटमध्ये तबकड्यांच्या जागी डिजिटल पडदे आले आहेत. तरी इशारा आधी देणारं आणि सावरायला वेळ देणारं विमान नवशिक्याला लागणारच. अशा विमानावर शिकलेला माणूस ढग दाटलेले पाहून उड्डाण रद्द करतो, तेव्हा त्याचं शिक्षण पक्कं झालेलं असतं.