आडातले पाणी आणि जमिनीखालची भिंत

"डॉक्टर, विहिरीचे पाणी जमिनीतून गाळून येते, ते खराब कसे असेल?" भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे खरे उत्तर मला एका वाडीने शिकवले.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर त्या वाडीतले आठ-दहा रुग्ण जुलाब-उलट्यांनी हैराण होऊन आले. जलसंजीवनी दिली, विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकायला सांगितली. साथ ओसरली आणि मीही निश्चिंत झालो. पंधरवड्यात पुन्हा तीच माणसे दारात! त्यांत डोळे खोल गेलेले एक तान्हे मूल होते. ते वाचले, पण मला स्वस्थ बसवेना. वाडीवर गेलो, तर विहिरीच्या वरच्या अंगाला दहा-बारा पावलांवर कातळ फोडून शौचालयाचा खड्डा घेतलेला! आपण विहिरीत औषध टाकत होतो आणि घाण जमिनीखालून येतच होती.

माती पाणी गाळते हे खरे. बारीक मातीतून पाणी सावकाश झिरपते, जंतू कणांना चिकटून राहतात व मरतात. पण आपल्या डोंगरभागात माती-मुरमाचा थर पातळ. त्याखाली काळा कातळ आणि त्याला भेगा. भेगेतून पाणी गाळले जात नाही, नळातून धावावे तसे धावते. बरोबर जंतूही येतात.

मग घाण आणि पाणी यांच्यामध्ये जमिनीखालीच भिंत घातली तर? ही कल्पना परदेशात प्रत्यक्षात आली आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे रॉबर्ट गिलहॅम यांनी १९९१ मध्ये लोखंडाचा कीस मिसळलेल्या भिंतीचा प्रयोग बोर्डन येथे केला. पुढे १९९६ मध्ये अमेरिकेतील एलिझाबेथ सिटी येथे तटरक्षक दलाच्या तळावर तशी मोठी भिंत झाली. तिथे क्रोमचा मुलामा देण्याच्या कामातून विषारी क्रोमियम जमिनीत मुरले होते. भूजलाच्या वाटेत ४६ मीटर लांब, सुमारे ७ मीटर खोल आणि ६० सेंटिमीटर रुंद चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरला. ही भिंत पाणी अडवत नाही, विष अडवते. लोखंडाशी क्रिया होऊन क्रोमियम न विरघळणारे होते आणि तिथेच बसते. पाणी पुढे जाते. ना पंप लागतो, ना वीज.

आपल्याकडे मात्र हा उपाय जसाच्या तसा चालणार नाही. तो मुख्यतः कारखान्यांच्या रसायनांसाठी आहे आणि भूजल कोणत्या दिशेने वाहते हे नेमके माहीत असावे लागते. कातळाच्या भेगांत ते सापडणे कठीण. पण मर्म तेच ठेवून आपल्या गवंड्याला बांधता येतील अशा दोन भिंती आहेत.

पहिली विहिरीची. पुष्कळ विहिरी कोरड्या दगडांनी बांधलेल्या असतात. वरचे घाण पाणी सांध्यांतून सरळ आत येते. जमिनीपासून किमान २० फूट खोलीपर्यंत बांधकाम सिमेंटमध्ये केले, तर पाणी बाजूने न येता तळातून येते. वर अडीच फुटांचा कठडा, भोवती तीन फुटांचा उताराचा ओटा आणि सांडपाण्याला गटार हवे.

दुसरी शौचालयाच्या शोषखड्ड्याची. भेगाळ कातळात खड्ड्याचा तळ पक्का बंद करून जाळीदार भिंतीभोवती दीड फूट जाडीचा बारीक वाळूचा थर भरावा. नैसर्गिक मातीचे काम मग ही वाळू करते. शौचालय विहिरीच्या खालच्या अंगाला आणि निदान ५० फूट दूर असावे. भेगा असतील तर जितके दूर तितके बरे. उकिरडा, गोठा यांनाही हाच नियम.

त्या वाडीने खड्डा बुजवून शौचालय उताराला नेले, विहिरीचे सांधे सिमेंटने भरले. त्यानंतरच्या पावसाळ्यात तिथून तशी साथ आली नाही.

याचा अर्थ टी.सी.एल. सोडावी असा नव्हे. हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम हे प्रमाण चालू ठेवा, पाणी उकळून प्या. मात्र उकळल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. खतांतून व मैल्यातून येणारे नायट्रेट उकळल्याने उलट दाट होते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर ते गेले, तर वरच्या दुधावरच्या तान्ह्या मुलाचे अंग निळे पडू शकते. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रामपंचायतीमार्फत पाण्याची तपासणी करून घ्या.

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. आडात जे आहे तेही पोहऱ्यात आल्यावाचून राहत नाही. आज पाणी भरायला जाल, तेव्हा विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे तेवढे पाहून या.