गोंदियाला कुणी विचारलंच नाही

संध्याकाळी मुंबईहून सुटलेली विदर्भ एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोचते. अंतर साडेनऊशे किलोमीटरांच्या वर. रायपूर इथून दोनशेच्या आत, आणि बालाघाट तर चाळीसएक किलोमीटरवर. इथल्या पोवार समाजाचे कितीतरी सगेसोयरे तिकडचे. राजधानी मात्र मुंबई.

१९५६ पर्यंत चित्र वेगळं होतं. गोंदिया ही भंडारा जिल्ह्यातली तहसील, आणि तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी नागपूर. भाषावार राज्यांची मागणी जोर धरू लागली तेव्हा इथल्या मराठी पुढाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. शेजारच्या आठ मराठी जिल्ह्यांनी मिळून आपलं विदर्भ राज्य करायचं, की दूरच्या मुंबई-पुण्याशी घरोबा करायचा? बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी पहिल्या वाटेचे. दुसऱ्या वाटेसाठी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. त्यावर सही करणाऱ्यांत यशवंतराव चव्हाण आणि भाऊसाहेब हिरे होते. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्या, नागपूरला हायकोर्टाचं खंडपीठ, वर्षातून किमान एक अधिवेशन तिथेच, असं बरंच काही त्यात कबूल झालं. ज्याला इतक्या अटी लिहून घ्याव्या लागतात, त्याचा विश्वास किती असेल?

१९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाने तर स्वतंत्र विदर्भाचीच शिफारस केली. दिल्लीने ती मानली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि कालपर्यंत एकाच प्रांतात असलेल्या गावांमधून राज्याची सीमा गेली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. गोंदियाला स्वतःचा जिल्हा मिळायला १९९९ उजाडलं.

या साऱ्या निर्णयांत कुठेही लोकांचं मतदान नव्हतं. इतरत्र मात्र लोकांना विचारलं गेलं. १९४८ मध्ये न्यूफाउंडलंडने दोनदा मतदान करून, जेमतेम ५२ टक्क्यांनी, कॅनडा पत्करला. १९५६ मध्ये माल्टात ब्रिटनमध्ये सामील होण्याच्या बाजूने मोठं बहुमत पडलं, पण विरोधकांच्या बहिष्काराने ते निष्प्रभ ठरलं. १९६४ मध्ये माल्टा स्वतंत्र झाला. इतकं लांब जायलाही नको. १६ जानेवारी १९६७ ला गोव्याला विचारलं गेलं, आणि महाराष्ट्रात विलीन व्हायला गोवेकरांनी ३४,०२१ मतांच्या फरकाने नकार दिला.

विदर्भवाद्यांचा राग रास्त आहे, पण त्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा. त्यांच्या चळवळीत कापूस असतो, नागपूर असतं. धान आणि राइस मिलवर जगणारी पूर्व विदर्भातली झाडीपट्टी फारशी दिसत नाही. उद्या राजधानी नागपूरला आली तरी गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा-देवरीच्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकलं जाईलच, याची हमी कोण देणार? २०२२ च्या अखेरीस याच जिल्ह्यातल्या आमगावकडच्या काही गावांनी वेगळ्या विदर्भाची वाट पाहिली नाही. रखडलेल्या कामांना कंटाळून त्यांनी थेट मध्य प्रदेशात जाण्याची मागणी केली.