दहा मीटर मोकळी जागा

दिवाळीची पहिली अंघोळ उरकून, गणपतीचं दर्शन घेऊन फडके रोडवर भेटायचं, ही डोंबिवलीची जुनी रीत. ठाण्यात तीच गर्दी तलावपाळीला आणि राम मारुती रोडवर लोटते. नऊवारी, झब्बे, गजरे, आणि प्रत्येक टोळक्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरी मित्र. त्याच्याकडे सगळ्यांची मागणी एकच: "मागचं ब्लर कर रे!" मागचं म्हणजे एटीएमची पाटी, लोंबणाऱ्या वायरी, उभ्या केलेल्या स्कूटर आणि फोटोत आपल्याला नको असलेली इतर माणसं. मित्र ५० मिलिमीटरची लेन्स लावतो, अ‍ॅपर्चर एफ १.८ वर उघडतो आणि फोटो काढतो. कधी मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं, कधी वायरी जशाच्या तशा दिसत राहतात. लेन्स तीच, आकडाही तोच, मग फरक कुठून आला?

त्याचं उत्तर थोड्या गणितात आहे. एफ १.८ मधला १.८ हे काही माप नव्हे, तो एक भागाकार आहे. लेन्सच्या फोकल लेंथला त्या आकड्याने भागलं की छिद्राचा, म्हणजेच अ‍ॅपर्चरचा, व्यास निघतो. ५० ला १.८ ने भागलं तर सुमारे २८ मिलिमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून एक मिलिमीटर मोठं भोक. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स ५५ मिलिमीटरला एफ ५.६ पर्यंतच उघडते. तिथे हा व्यास १० मिलिमीटरच्या आत, म्हणजे एखाद्या टिकलीएवढा. फोकस चेहऱ्यावर असेल, तर खूप लांबच्या दिव्याचा फोटोत जो धूसर गोल होतो, तो त्या चेहऱ्याच्या मापाने मोजल्यावर बरोबर या छिद्राएवढा भरतो. ५० च्या लेन्सने तलावपाळीच्या पलीकडच्या काठावरचे दिवे मुलीच्या डोळ्याएवढे होतात, किट लेन्सने तिच्या टिकलीएवढे. छायाचित्रणाच्या पुस्तकांत मला या नियमाइतका उपयोगी नियम क्वचितच सापडला आहे.

मात्र हे खूप लांबच्या दिव्याचं झालं. आपल्याकडे लांब असतं काय? ठाणे, कल्याण, डोंबिवली ही एकमेकांना खेटून उभी राहिलेली शहरं. गॅलरीत फोटो काढा, मागे दोन फुटांवर भिंत. सोसायटीच्या आवारात काढा, मागे शेजारची इमारत. मागची वस्तू जवळ आली की धूसरपणा झपाट्याने घटतो. दीड मीटरवर मैत्रीण उभी आहे, लेन्स ५० ची, एफ १.८, आणि तिच्यामागे दोन फुटांवर भिंत, असं धरू. भिंतीवरचा प्रत्येक ठिपका जेमतेम ८ मिलिमीटरचा गोल होईल. भिंतीवरून उतरणारा पाइप पाइपच दिसेल. तिलाच पुढे बोलावून मागे दहा मीटर मोकळं ठेवलं तर तोच गोल २४ मिलिमीटरचा, म्हणजे तिप्पट.

आता किट लेन्स घेऊ. ५५ मिलिमीटर, एफ ५.६, मैत्रीण तितकीच दूर, मागे दहा मीटर मोकळं. गोल भरतो ८ मिलिमीटरच्या किंचित वर. म्हणजे भिंतीला टेकून वापरलेली महागडी उघडी लेन्स आणि दहा मीटर मोकळ्या जागेसह वापरलेली साधी किट लेन्स या दोघींचं फळ जवळपास सारखं. लेन्स विकत घेण्याआधी दहा मीटर शोधावेत, हे माझं ठाम मत. डोंबिवलीत दहा मीटर मोकळी जागा लेन्सपेक्षा महाग पडते, हा भाग वेगळा.

तरी जागा सापडतात. रस्त्याच्या कडेला दुकानाकडे पाठ करून उभं राहण्याऐवजी रस्त्याच्या लांबीच्या दिशेने पाहिलं की फडके रोडसुद्धा खोल होतो. तलावपाळीच्या कठड्याशी माणूस उभा केला की मागे मासुंदा तलावाचं पाणी. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या बाजूला खाडी आहे, काळा तलाव आहे. आपल्या भागात पाणी असतं तिथेच बांधकाम नसतं (नसायला हवं, असं म्हणू), म्हणून धूसर पार्श्वभूमीची आपली हक्काची ठिकाणं म्हणजे तळी आणि खाड्या.

ज्यांच्याकडे कॅमेऱ्याबरोबरची दुसरी, ५५-२५० ची लेन्स कपाटात पडून आहे, त्यांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. २५० ला एफ ५.६ म्हणजे ४५ मिलिमीटरचं छिद्र. आकडा बिचारा वाटतो, पण भोक ५० च्या लेन्सपेक्षा मोठं. तेवढीच चौकट मिळवायला सात-साडेसात मीटरपर्यंत मागे सरावं लागतं आणि मधून कोणी जाणार नाही अशी प्रार्थना करावी लागते. पण लांबचे दिवे आकाशकंदिलांसारखे फुगतात. मात्र मागची भिंत दोन फुटांवर असेल तर हीच लेन्स ५० च्या लेन्सपुढे हरते, कारण तिच्या सात मीटरांपुढे ते दोन फूट म्हणजे काहीच नव्हे. गल्लीत ५०, मोकळ्यावर २५०.

यात आणखी एक अडचण उजेडाची. एफ ५.६ च्या मानाने एफ १.८ मधून जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, आणि मोठ्या छिद्राचा जन्मच मुळी त्यासाठी झाला. १८४० साली जोसेफ पेट्झवालने व्यक्तिचित्रांसाठी एफ ३.६ च्या आसपासची लेन्स आखली ती मागचं धूसर व्हावं म्हणून नव्हे, तर समोरच्या माणसाला फार वेळ पुतळ्यासारखं बसावं लागू नये म्हणून. १९७५ च्या 'बॅरी लिंडन'मध्ये स्टॅन्ली कुब्रिकने मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग चित्रित करायला झाइसची ५० मिलिमीटर, एफ ०.७ ची लेन्स वापरली. ती मुळात नासासाठी बनली होती. तिचं छिद्र ७१ मिलिमीटर. गंमत अशी, की ठाणे खाडीवर फ्लेमिंगो टिपणारे हौशी लोक ४०० मिलिमीटर, एफ ५.६ ची लेन्स घेऊन उभे असतात, तिचंही छिद्र ७१ मिलिमीटरच. त्यांच्या फोटोंत मागची खारफुटी सपाट हिरव्या रंगासारखी पसरते ती यामुळे. फक्त त्यांना भर उन्हाची गरज पडते आणि कुब्रिकला मेणबत्ती पुरली.

दिवाळीच्या पहाटेला उजेड कमी, म्हणून एफ १.८ चा मोह रास्त आहे. पण तिथे नथ घात करते. दीड मीटरवरून, एफ १.८ ला, क्रॉप सेन्सरवर, स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण साडेसहा सेंटीमीटर. त्यातही फोकस जिथे लागला त्याच्या पुढे तीनेक आणि मागे तीनेक. ऑटोफोकसला चकाकणारं, ठसठशीत काहीतरी हवं असतं, आणि मोत्यांची नथ अगदी तशीच. फोकस नथीवर बसला की मोती मोजून घ्यावेत इतके स्पष्ट, आणि डोळे पेंगुळलेले. कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर फोकसचा एकच बिंदू निवडून तो कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर ठेवावा, आणि एफ २.८ ला यावं. पट्टा दहा सेंटीमीटरचा होतो, मागचं तरीही पुरेसं विरतं. पाच मैत्रिणी एकत्र असतील तर एफ १.८ चं नावही काढू नये. तीन मीटरपर्यंत मागे जाऊन एफ ५.६ घेतला की ऐंशी सेंटीमीटरचा पट्टा मिळतो. नाहीतर मागच्या रांगेतली मैत्रीण वर्षभर बोलणार नाही.

दिव्यांच्या गोलांचा आकारही पाहण्यासारखा असतो. पूर्ण उघड्या लेन्समध्ये ते चौकटीच्या मध्यभागी गोल आणि कोपऱ्यांत लिंबासारखे निमुळते होतात. थोडं बंद केलं की छिद्राच्या पात्या आत येतात. कॅननच्या १९९० च्या प्लास्टिकच्या ५० मध्ये पाचच पात्या होत्या, म्हणून माळेतले दिवे पंचकोनी व्हायचे. २०१५ च्या नव्या रूपात त्या सात झाल्या आणि कोन बोथटले. मला ते पंचकोन आवडायचे. आता सगळ्यांचे दिवे सारखेच दिसतात.

मोबाइलवरही एफ १.८ लिहिलेलं असतं, पण त्याच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ सहा-सात मिलिमीटर, म्हणून छिद्र साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. उरलेला धूसरपणा हिशेबाने रंगवलेला असतो. २०१६ च्या आयफोन ७ प्लसपासून पोर्ट्रेट मोड सर्वदूर झाला आणि तो वर्षागणिक सुधारला, तरी गजऱ्यातून सुटलेली बट आणि हात-कमरेमधली फट पाहावी. बट कापली जाते, फटीतून मागची स्कूटर स्पष्ट डोकावते.

आता थोडं भांडण. जुन्या फोटो स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असायचा: संगमरवरी जिना, कारंजं, बगिचा. माणूस ठाण्याचा की कल्याणचा, फोटोवरून कळायची सोय नव्हती. घरातल्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीने मात्र, फोकस बदलायची सोयच नसल्यामुळे, मामाबरोबर मामाची चाळही टिपली. आज ते फोटो आपण मामासाठी कमी आणि चाळीसाठी जास्त पाहतो. अमेरिकेत १९३२ साली अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे मंडळींनी छिद्र बारीक करून सगळं काही लख्ख दाखवण्याचा हट्ट धरला आणि आपल्या गटाचं नावच एफ ६४ ठेवलं. इतकं टोक गाठायची गरज नाही. पण गुढीपाडव्याची जी स्वागतयात्रा १९९९ साली डोंबिवलीत सुरू झाली आणि मग गावोगाव पोचली, तिचे फोटो एफ १.८ ला काढणं मला पटत नाही. लेझीमवाली मुलगी स्पष्ट आणि मागे रंगीत लापशी, हा फोटो पुण्यातही निघतो. एफ ४ किंवा ५.६ ला मागचे चेहरे मऊ होतात, तरी फेटे, ध्वज, दुकानांच्या पाट्या ओळखू येतात. तसंही सकाळी दहानंतरच्या उन्हात आयएसओ १०० ला एफ १.८ साठी सेकंदाचा आठ हजारावा भाग इतका शटर लागतो, आणि साधे कॅमेरे चार हजारावर थांबतात. प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर नसेल तर ऊनच छिद्र बारीक करायला लावतं.

सगळ्यात जास्त फसवणूक जवळच्या फोटोत होते. घोडबंदर रोडवरच्या ओवळ्यात राजेंद्र ओवळेकरांनी खाद्यवनस्पती आणि मधुवनस्पती लावून फुलपाखरांची बाग उभी केली आहे. तिथे हौशी मंडळी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स एफ २.८ ला पूर्ण उघडून जातात. ब्लू मॉर्मन हे आपलं राज्य फुलपाखरू पंख पसरून चौकट भरून बसलं, तर या छिद्राला स्पष्ट पट्टा अर्धा सेंटीमीटरच्या किंचित वर. लहान फुलपाखरू त्याच्या खऱ्या मापाएवढंच सेन्सरवर आणलं तर पाव मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे एक डोळा स्पष्ट आणि दुसरा नाही. एफ ८ घ्यावा. पंख मिटलेले असतील तर बाजूला जाऊन सेन्सर पंखांना समांतर धरावा, उघडे असतील तर वरून. पार्श्वभूमीची काळजी नको. दोन-तीन मीटरवरची झुडपं एफ ८ लाही विरतात. सकाळी लवकर जावं. पंख तापेपर्यंत फुलपाखरं जागची फारशी हलत नाहीत, तेवढ्यात कोन जुळवून घेता येतो.