शब्दावर मजुरी

अमेरिकेत 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं; पुढं काय घडणार ते फासे ठरवतात. अशा खेळांच्या गोष्टी छोटे प्रकाशक बाहेरून लिहून घेतात. आपल्याकडं विड्यांची मजुरी हजारावर, तशी तिथं शब्दावर. 5 सेंट दर ठरला, तर 1000 शब्दांचे 50 डॉलर. पण कधी? करारात ‘छापल्यावर’ असेल, तर पुस्तक रखडलं की पैसेही रखडले. शिवाय पुष्कळ करारांत हक्क प्रकाशकाकडेच जातात. मग प्रती कितीही खपोत, लिहिणारीला वरचा पैसा नाही. म्हणून जाणती लेखिका सहीआधीच विचारते: लिखाण दिल्यावर किती, आणि पुस्तक छापलंच नाही तर किती?